चिठ्ठी जाळली, ते बरे केले?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले, की आमच्याकडे कोकणात तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात, त्याचा कडू रस जिभेला लावतात आणि मगच फराळाला बसतात. नरकासुर मेला, आता खुशाल चकली मोडा! लहानपणी हा हिशेब मला फार आवडे. असुर कोण ते ठाऊक, मारणारा कोण तेही ठाऊक, आणि कडूपणा जिभेच्या टोकापुरता. वटवाघळाचा वेष चढवून रात्री गुंडांना बडवीत हिंडणारा बॅटमॅन १९३९ साली अमेरिकेतल्या चित्रकथांत जन्मला, तेव्हा त्याचाही हिशेब बराचसा असाच सोपा होता.

ख्रिस्तोफर नोलन या दिग्दर्शकाने २००८ साली आपल्या ‘द डार्क नाइट’ या चित्रपटात तो पार विसकटून टाकला. यंदा सुट्टीत घरच्या मुलांनी तो पुन्हा लावला, म्हणून मीही बसलो. अडीच तासांनी दिवा लावला तेव्हा कोणीच बोलेना. शेवटी धाकटीने विचारले, “बाबा, पण जिंकलं कोण?”

प्रश्न रास्त होता. गोथम या कल्पित शहरात गुन्हेगारांच्या टोळ्यांनी धुमाकूळ घातला आहे. त्यांच्याशी तिघे लढतात : मुखवट्याआडचा धनिक ब्रूस वेन, गॉर्डन नावाचा सरळ पोलिस अधिकारी आणि हार्वे डेंट हा तडफदार सरकारी वकील. त्यांच्यामध्ये जोकर येऊन उभा राहतो. त्याला पैसा नको, सत्ता नको. आपल्या फाटलेल्या ओठांची हकीकत तो दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा निराळी सांगतो! हीथ लेजर या नटाने ही भूमिका अशी केली आहे, की तो जीभ फिरवून ओठ चाटतो तेवढ्यानेही अंगावर काटा यावा. चित्रपट लागण्यापूर्वीच, जानेवारी २००८ मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो वारला. पुढल्या वर्षी ऑस्कर पारितोषिक त्याच्या घरच्यांनी स्वीकारले. त्याच्यापुढे खुद्द नायक फिका पडतो. घसा बसल्यासारखे गुरगुरत बोलणे म्हणजे दरारा, अशी ख्रिश्चन बेलची समजूत कोणी करून दिली कोण जाणे.

परंतु हा चित्रपट काळाकुट्ट आहे तो जोकरमुळे, असे जे सारे म्हणतात ते मला पटत नाही. जोकर उघड आहे. काळोख आहे तो सज्जनांच्या कारभारात.

दोन बोटींचा प्रसंग पाहा. एका बोटीत शहरातले साधे प्रवासी, दुसरीत तुरुंगातले कैदी. दोन्ही बोटींत सुरुंग पेरलेले, आणि प्रत्येकीच्या हाती दुसरी बोट उडवण्याची कळ. मध्यरात्रीपर्यंत एकीने दुसरीला उडवले नाही, तर जोकर दोन्ही उडवणार. प्रवाशांच्या बोटीत चक्क मतदान होते, आणि बहुमत पडते ते कैद्यांना उडवण्याच्या बाजूने! पण कळ हाती घेऊन बसलेल्या गृहस्थाचे बोट काही ती दाबत नाही. तिकडे एक राक्षसी देहाचा कैदी पुढे होतो, अधिकाऱ्याकडून कळ मागून घेतो आणि सरळ खिडकीबाहेर फेकून देतो. घाबरलेली, स्वार्थी, मतदानात हरलेली माणुसकी ऐन क्षणी टिकते. सबंध चित्रपटात याहून थोर प्रसंग नाही.

आणि यानंतर घटकाभरात शहाणी माणसे काय ठरवतात? जिच्यावर डेंटचे प्रेम, ती रेचेल जोकरने पेरलेल्या स्फोटात गेलेली आहे. डेंटचा अर्धा चेहरा जळाला आहे, आणि सूडाने पिसाटून त्याने माणसे मारली आहेत. गॉर्डनच्या लहान मुलावर तो पिस्तूल रोखतो. बॅटमॅन त्याला ढकलतो आणि तो पडून मरतो. तेव्हा बॅटमॅन त्याचे खून आपल्या माथी घेतो आणि गॉर्डन मान डोलावतो. का? तर लोकांना सत्य पेलणार नाही! ज्या लोकांनी आत्ताच, त्याच रात्री, मरण समोर दिसत असताना कळ दाबली नाही, त्यांना एका वकिलाचे अधःपतन पेलणार नाही? दिग्दर्शकाने ही विसंगती जाणून ठेवली आहे की त्याच्या हातून ती निसटली आहे, हे अखेरचे धीरगंभीर संगीत कळू देत नाही. ते आपल्याला गहिवरायला सांगते.

याच वेळी म्हातारा सेवक आल्फ्रेड एक चिठ्ठी जाळतो. ब्रूसचेही रेचेलवर प्रेम. ती आपल्यासाठी थांबणार होती, अशी त्याची समजूत. चिठ्ठीत मात्र ती डेंटशी लग्न करणार असल्याचे लिहिलेले. आमची सौ. म्हणाली, “बरं केलं म्हाताऱ्याने. गेलेलं माणूस काही परत येत नाही.”

मी गप्प राहिलो. माझा मामा गेला तेव्हा आई आजारी होती. आम्ही भावंडांनी संगनमत करून बातमी अकरा दिवस लपवली. कळले तेव्हा ती रडली नाही. “मी तुम्हांला एवढी कच्ची वाटले का रे?” इतकेच म्हणाली. त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते.

आपल्या व्यासांनी या बाबतीत कोणाची गय केलेली नाही. अश्वत्थाम्याविषयी धर्मराज अर्धेच खरे मोठ्याने बोलला. हेतू चांगला, पक्ष न्यायाचा, सल्ला प्रत्यक्ष कृष्णाचा. तरीही जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ तत्क्षणी खाली टेकला. नोलनच्या नायकाचा रथ मात्र त्या घटकेला आणखी वर उचललेला दिसतो.

आता, न्यायाला धरून हेही सांगितले पाहिजे, की २०१२ साली त्याने पुढचा भाग काढला आणि त्यात उधारी वसूल केली. आठ वर्षे त्या असत्यावर शहराची शांतता उभी असते. डेंटच्या नावाच्या कायद्याखाली माणसे कोंडलेली असतात, आणि अखेर गॉर्डनचा कबुलीजबाब खलनायकच भर चौकात वाचून दाखवतो. त्यातला दंगा मला कंटाळवाणा वाटला. पण आल्फ्रेड चिठ्ठीची गोष्ट ब्रूसला स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि जन्मभराचे ते घर सोडून निघतो, तेवढा प्रसंग विसरता येत नाही.

हे सौ.ला सांगितले. ती कडबोळ्यांचे पीठ मळीत होती. हात थांबवून म्हणाली, “मग उद्या तो लावा.”