एका संताच्या नावावर किती जणांचं काम?

चंदगडहून तिलारी घाट उतरला की गोवा जवळच. तिथे बाणावलीत जन्मलेले संत जोझेफ वाझ (१६५१–१७११) यांची छोटी चरित्रं वाचली, की एक यादी हमखास भेटते: धर्मोपदेशक, भाषापंडित, रुग्णसेवक, संघटक. यादी निराधार नाही. डचांची बंदी असताना १६८७ मध्ये ते वेश बदलून श्रीलंकेत गेले, तमिळ-सिंहली शिकले, १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा रोग्यांची सेवा केली.

माझा आक्षेप वेगळा आहे. सगळं श्रेय एकाच खात्यावर टाकलं, की काम कसं झालं हेच कळत नाही. सिंहली ख्रिस्ती साहित्याचा पाया घातला तो दिवाडीच्या जाकोम गोन्साल्विस यांनी; ते १७०५ मध्ये तिथे पोचले. माणसं पाठवत होता गोव्यातला ओरेटरी संघ. यानं वाझ लहान होत नाहीत; योग्य माणसावर योग्य काम सोपवणं हाही गुणच.

संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनो, चरित्र असो वा शोधनिबंध, आधी विचारा: यातलं नेमकं कुणी काय केलं?