रुपयाची घसरण आणि किरकोळ भाववाढ : एका रूढ कारणमीमांसेची चिकित्सा

प्रास्ताविक

किरकोळ बाजारात एखादी वस्तू महागली की ‘रुपया घसरला’ हे कारण सहजपणे पुढे केले जाते. वाण्याच्या दुकानात आणि अर्थसंकल्पावरील चर्चेतही ते सारख्याच खात्रीने सांगितले जाते. या कारणात तथ्यांश निश्चितच आहे. मात्र तथ्यांश आणि संपूर्ण सत्य यांतील अंतर विसरले गेले, की करआकारणी, आयातधोरण, साठवण आणि व्यापारी नफा यांविषयीचे निर्णय चर्चेतून वगळले जातात. भाववाढ ही जणू कोणाच्याही हाती नसलेली घटना ठरते. प्रस्तुत लेखात भारतातील काही प्रसंगांच्या आधारे या कारणमीमांसेची मर्यादा तपासली आहे.

युक्तिवादातील तथ्यांश

सरकारने निर्णय घेऊन चलनाचे मूल्य कमी करणे म्हणजे अवमूल्यन, आणि बाजारातील मागणी-पुरवठ्यामुळे ते कमी होणे म्हणजे घसरण. दोन्हींचा परिणाम मात्र सारखाच असतो. परदेशातून येणाऱ्या वस्तूसाठी अधिक रुपये मोजावे लागतात. भारत आपल्या गरजेच्या ८० टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आणि निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. खते, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग व काही डाळी यांच्या बाबतीतही परावलंबन आहे. आयातशुल्क मूल्याच्या टक्केवारीत आकारले जात असल्यास रुपया घसरताच शुल्काची रक्कमही आपोआप वाढते. वाहतूकखर्चाच्या मार्गाने हा भार देशी वस्तूंवरही पडतो.

प्रश्न या परिणामाच्या अस्तित्वाचा नसून त्याच्या आकाराचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या चलनविषयक धोरण अहवालांमध्ये रुपया ५ टक्क्यांनी घसरल्यास किरकोळ महागाईचा दर किती वाढेल, याचे अंदाज दिले जातात. वेगवेगळ्या वर्षांच्या अहवालांत ही वाढ साधारणतः ०.२० ते ०.३५ टक्के बिंदू इतकी मानलेली दिसते. दुकानातील एखाद्या वस्तूची १५-२० टक्क्यांची भाववाढ केवळ रुपयाच्या माथी मारली जाते, तेव्हा हे प्रमाण लक्षात घेणे आवश्यक ठरते.

१९६६ चा अनुभव

६ जून १९६६ रोजी भारत सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला. त्यानंतर झालेल्या भाववाढीचे खापर अवमूल्यनावर फोडण्यात आले आणि हा निर्णय दीर्घकाळ टीकेचा विषय राहिला. तथापि त्याच काळातील शेतीची स्थिती पाहिल्यास वेगळे चित्र दिसते. देशातील अन्नधान्याचे उत्पादन १९६४-६५ मध्ये सुमारे ८.९ कोटी टन होते. लागोपाठच्या दुष्काळांमुळे ते १९६५-६६ मध्ये ७.२ कोटी व १९६६-६७ मध्ये ७.४ कोटी टनांवर आले. सर्वसामान्य कुटुंबाच्या खर्चात धान्याचा वाटा सर्वांत मोठा असताना एवढी तूट निर्माण झाली, तर विनिमयदर कोणताही असता तरी भाव वाढलेच असते.

शिवाय अवमूल्यनाबरोबरच अनेक आयातशुल्के कमी करण्यात आली, निर्यात-अनुदाने बंद झाली आणि काही पारंपरिक निर्यातवस्तूंवर कर बसवण्यात आला. त्यामुळे प्रत्यक्ष अवमूल्यन कागदावरील अवमूल्यनापेक्षा कमी होते. जगदीश भगवती आणि टी. एन. श्रीनिवासन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात या बाबी दाखवून दिल्या. लोकमानसात मात्र दुष्काळ मागे पडला आणि अवमूल्यन तेवढे लक्षात राहिले.

खनिज तेल : रुपया, डॉलर आणि कर

रुपयाच्या घसरणीचा सर्वांत थेट परिणाम इंधनावर व्हावा, अशी अपेक्षा असते. म्हणूनच २०१४ ते २०१६ हा काळ उद्बोधक आहे. जून २०१४ मध्ये भारतीय खरेदीच्या कच्च्या तेलाचा भाव बॅरलला सुमारे १०९ डॉलर होता. जानेवारी २०१६ मध्ये तो २८ डॉलरच्या आसपास आला. याच काळात डॉलर सुमारे ६० रुपयांवरून ६७ रुपयांवर गेला. एका बॅरलमध्ये सुमारे १५९ लिटर तेल असते. हा हिशेब मांडल्यास कच्च्या तेलाचा खर्च लिटरमागे सुमारे ४१ रुपयांवरून १२ रुपयांपर्यंत उतरला. रुपया ६० वरच स्थिर राहिला असता, तर तो आणखी सव्वा रुपयाने कमी झाला असता. म्हणजे घसरणीचा भार होता; पण तो लिटरमागे सव्वा रुपयाचा होता.

दिल्लीतील पेट्रोलचा किरकोळ दर मात्र सुमारे ७१ रुपयांवरून ६० रुपयांपर्यंतच खाली आला. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्रीय उत्पादनशुल्क टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आले. साध्या पेट्रोलवरील शुल्क ९.४८ रुपयांवरून २१.४८ रुपये झाले. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०१५ पासून दुष्काळनिवारणासाठी लिटरमागे २ रुपयांचा अधिभार लावण्यात आला. या करांचे समर्थन करता येणे शक्य आहे. राज्यकारभाराला महसूल लागतो आणि दुष्काळनिवारणालाही पैसा लागतो. परंतु समर्थन करायचे तर कर हे कर म्हणूनच मांडले पाहिजेत. सव्वा रुपयाच्या घसरणीआड बारा रुपयांचा कर झाकला गेला, तर नागरिकाला योग्य प्रश्न विचारता येत नाही.

तूरडाळ आणि खाद्यतेल

ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळीचा किरकोळ भाव अनेक शहरांत किलोला २०० रुपयांपर्यंत पोहोचला. तूर म्यानमार व आफ्रिकी देशांतून आयात होत असल्याने याही वेळी रुपयाकडे बोट दाखवणे शक्य होते. परंतु त्याआधी लागोपाठ दोन वर्षे पाऊस अपुरा पडला होता. २०१५-१६ मध्ये सुमारे २५ लाख टन असलेले तुरीचे उत्पादन २०१६-१७ मध्ये सुमारे ४८ लाख टनांवर गेले. त्यानंतर बाजारभाव ५,०५० रुपये क्विंटल या हमीभावाच्या खाली कोसळले. महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांपुढे शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या. या दोन हंगामांत रुपयाच्या मूल्यात लक्षणीय सुधारणा झाली नव्हती. ज्या कारणात बदलच झाला नाही, त्याला आधीच्या तेजीचे मुख्य कारण मानणे तर्काला धरून नाही.

खाद्यतेलाचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. युक्रेन युद्ध आणि इंडोनेशियाची निर्यातबंदी यांमुळे २०२२ च्या पूर्वार्धात तेल भडकले. उत्तरार्धात जागतिक भाव उतरताच भारतातील दरही खाली आले. वास्तविक याच उत्तरार्धात रुपया ७९ वरून ८३ च्या जवळ घसरला होता. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयातशुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के करण्यात आले आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर तेल महागले. सोयाबीनचा बाजारभाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली असताना लातूर-वाशीमच्या उत्पादकांना दिलासा देणे, हा या निर्णयामागील एक हेतू होता. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरील शुल्क पुन्हा घटवण्यात आले. शेतकरी आणि गृहिणी यांच्या हितसंबंधांत तोल साधण्याचा हा धोरणात्मक प्रश्न आहे. ‘रुपया घसरला’ असे म्हटल्याने तो प्रश्न सुटत नाही. केवळ अदृश्य होतो.

संभाव्य आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, देशात पिकणाऱ्या सोयाबीनच्या तेलाचा भावही आयात तेलाच्या पडतळ किमतीनुसार ठरतो. म्हणून घसरणीचा परिणाम आयातीच्या वाट्यापुरता मर्यादित राहत नाही. हा आक्षेप ग्राह्य आहे. मात्र अशा वेळी ग्राहकाने दिलेला जादा पैसा परदेशात जात नाही. तो देशातील उत्पादक, प्रक्रियादार व व्यापारी यांच्यात वाटला जातो. त्यांपैकी शेतकऱ्याच्या पदरी किती पडतो, हा पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.

दुसरा आक्षेप दीर्घकालीन आहे. अनेक दशकांत रुपया घसरत गेला आणि किंमतीही वाढत गेल्या. मग संबंध नाकारायचा कसा? येथे कार्यकारणाची दिशा तपासली पाहिजे. देशातील महागाईचा दर व्यापारी भागीदार देशांपेक्षा सातत्याने अधिक राहिला, तर चलनाचे बाह्यमूल्य कालांतराने घटते. म्हणजे दीर्घ काळात घसरण ही बहुतांशी महागाईची परिणती ठरते. परिणामालाच कारण मानण्याची चूक येथे संभवते.

समारोप

२०२५ च्या उत्तरार्धाने या प्रश्नावर नवा प्रकाश टाकला. ऑक्टोबरमध्ये एक डॉलर ८८ रुपयांच्या आसपास असताना किरकोळ महागाईचा वार्षिक दर ०.२५ टक्के इतका खाली आला. अन्नधान्य व भाजीपाल्याच्या किमतींतील उतार आणि २२ सप्टेंबरपासून झालेली वस्तू व सेवा कराची कपात ही त्याची प्रमुख कारणे होती. डिसेंबरमध्ये डॉलरने ९० रुपयांचा टप्पा ओलांडला. दुर्बळ रुपया आणि मंद महागाई एकत्र नांदू शकतात, हे यावरून स्पष्ट होते.

यावरून विनिमयदर निरुपद्रवी आहे, असा निष्कर्ष निघत नाही. भाववाढीच्या प्रत्येक प्रसंगी तीन प्रश्न विचारणे आवश्यक आहे, एवढेच सिद्ध होते. त्या वस्तूच्या किमतीत परकी चलनाचा वाटा किती? त्याच काळात तिचा डॉलरमधील भाव आणि तिच्यावरील कर कोणत्या दिशेने गेले? आणि पुरवठा सुधारल्यावर, रुपया होता तेथेच असताना, भाव खाली आला काय? अर्थशास्त्राच्या अध्यापनात विनिमयदराची व्याख्या शिकवली जाते. हे प्रश्न मात्र क्वचितच शिकवले जातात. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला डाळ-तेलाच्या भाववाढीचा अर्थ एका वाक्यात सांगून वाटेला लावले जाते, तेव्हा त्याच्या खिशाबरोबर त्याच्या जाब विचारण्याच्या हक्कालाही कात्री लागते. या रूढ कारणमीमांसेची चिकित्सा आवश्यक ठरते ती याच कारणाने.