ट्रॉय, सैंधव, मिहान : नामातील स्थळ आणि अर्थनिर्णय

शब्द एक आणि अर्थ दोन, एवढ्यावरून शब्दाला अनेकार्थी ठरविणे पुरेसे नसते. ते अर्थ एकाच मुळातून फुटले, की दोन वेगळी मुळे ध्वनीच्या पातळीवर योगायोगाने एकत्र आली, हा प्रश्न शिल्लक राहतो. ‘ट्रॉय’ हा शब्द या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘इलियड’च्या वाचकाला तो वेढा पडलेले प्राचीन नगर सुचवितो, सराफी व्यवहारात तो सोन्यारूप्याच्या वजनपद्धतीचे नाव असतो. ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅमचा, नेहमीचा औंस सुमारे २८.३५ ग्रॅमचा.

हाइनरिख श्लीमान यांना १८७३ मध्ये हिसारलिकच्या उत्खननात सुवर्णालंकार सापडले आणि त्यांनी ते राजा प्रायमचे धन मानले. नगर आणि सुवर्णमाप यांचा दुवा येथे जुळतो, असे वाटण्याचा मोह होतो. परंतु मापाचे हे नाव त्याआधी काही शतके इंग्रजीत रूढ होते, आणि बहुसंख्य अभ्यासक ते फ्रान्समधील त्र्वा या मध्ययुगीन जत्रांच्या नगराशी जोडतात. फ्रेंच लेखनात ही दोन नगरे वेगळी राहतात; इंग्रजीत नगर आणि माप यांची अक्षरे एक होतात, आणि मराठीत तो योगायोग आयताच येतो.

‘सैंधव’ची गोष्ट वेगळी आहे. भोजनप्रसंगी त्याचा अर्थ मीठ, प्रयाणप्रसंगी घोडा. हा निर्णय प्रकरणाने होतो, आणि भर्तृहरीने अर्थनिर्णयाच्या साधनांत प्रकरणाची गणना केलीच आहे. मात्र तेथे दोन्ही अर्थांचे मूळ सिंधुदेश हेच आहे. प्रकरण अर्थ ठरविते. अर्थांमधील नाते ते ठरवू शकत नाही. त्यासाठी इतिहासाकडेच जावे लागते.

‘तोळा’ तिसरा प्रकार दाखवितो. बारा माशांचा हा देशी तोळा १८३३ च्या नियमाने १८० ट्रॉय ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, असा निश्चित झाला. आज सराफीत पुष्कळदा दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. नाव तेच, आशय बदललेला; आणि ‘प्रकृती तोळामासा होणे’ या प्रयोगाला या कोणत्याही आकड्याची गरज भासत नाही.

नागपूरजवळील ‘मिहान’ या नावात तर व्युत्पत्तीला मूळच उरत नाही. मालवाहतूक केंद्र आणि विमानतळ यांच्या लांबलचक इंग्रजी नावातील आद्याक्षरांची ही जुळणी आहे, आणि त्यातून ‘कार्गो’चे अक्षर, म्हणजे योजनेच्या मुख्य प्रयोजनाचेच, गळाले आहे. देवनागरीत आल्यावर तो तद्भव शब्दासारखा दिसतो, ‘महान’ची आठवणही देतो. ज्या शिवणगाव, खापरी, तेल्हारा या गावांची जमीन त्या नावाखाली आली, त्यांची नावे मात्र त्यात कोठेच नाहीत.

समीक्षकाने ध्वनिसाम्यातून व्युत्पत्ती काढू नये, हे खरे. पण व्युत्पत्ती खोटी ठरली म्हणून कवीने साधलेला श्लेष खोटा ठरत नाही. ट्रॉयच्या दोन अर्थांत ऐतिहासिक नाते नसले, तरी एखादी कविता ते घडवू शकते. तेव्हा ते नाते भाषेने दिलेले की कृतीने घडविलेले, हा भेद पुसला जाणार नाही, एवढी दक्षता समीक्षेने घ्यावयास हवी.