क्षमेची दुसरी अट : दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाविषयी



आजच्या बोलण्याची सुरुवात आम्हाला एका कबुलीने करावी लागणार आहे. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही कितीतरी वर्षे दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाचे उदाहरण देत आलो. सूड आणि विस्मृती यांच्या मधून एक तिसरी वाट जाते आणि ती या देशाने चालून दाखवली, असं आम्ही सांगायचो. परीक्षेत त्यावर प्रश्नही काढायचो. ते विधान आज निम्मे मागे घ्यायचे आहे. कोणते निम्मे, तेवढेच सांगण्यासाठी हा वेळ घेतला आहे.

आधी आयोगाची रचना पाहू. १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेच्या अखेरीस एक वचन दिलेले होते : राजकीय संघर्षात घडलेल्या गुन्ह्यांना माफी देण्यात येईल. त्यानुसार १९९५ साली कायदा झाला आणि आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. माफीच्या मुख्य अटी दोन. कृत्य राजकीय हेतूने झालेले असले पाहिजे आणि अर्जदाराने त्याबद्दलचे सत्य संपूर्ण सांगितले पाहिजे. पश्चात्ताप व्यक्त करण्याची अट नव्हती, बरं का. आमच्या विद्यार्थ्यांना हे खटकायचे. पण कायदा मनात शिरून पश्चात्ताप मोजू शकत नाही, सत्य मात्र पडताळू शकतो. तेव्हा ही अट नव्हती तेच बरे झाले, असे आमचे मत आजही आहे.

मराठी माणसाला ही कल्पना अगदी परकी नाही. आपल्याकडे 'माफीचा साक्षीदार' असतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०६ व्या कलमात त्याची तरतूद होती : सगळे खरे सांग, माफी मिळेल. पण लोक त्याच्या पुढचे ३०८ वे कलम विसरतात. त्याने काही लपवले किंवा खोटे सांगितले, तर माफी जाते आणि खटला चालतो. ही दुसरी बाजू आहे म्हणूनच पहिलीला अर्थ आहे. खटल्याची भीतीच नसेल, तर सत्य सांगायला कोण कशाला येईल?

आता आयोगाकडे परत येऊ. माफीसाठी सात हजारांहून अधिक अर्ज आले आणि त्यातले थोडेच मंजूर झाले. ज्यांनी अर्जच केला नाही किंवा ज्यांना माफी नाकारली गेली, त्यांच्यावर खटले चालणार, हा सौद्याचा दुसरा भाग होता. आयोगाने अशी सुमारे ३०० प्रकरणे सरकारी अभियोक्त्यांकडे सोपवली. पुढे काय झाले? जवळजवळ काहीच नाही. मोजके खटले सोडले तर फायली पडून राहिल्या.

एकच प्रकरण सांगतो. अहमद तिमोल हा भारतीय वंशाचा २९ वर्षांचा शिक्षक. ऑक्टोबर १९७१ मध्ये पोलिसांनी त्याला अटक केली आणि पाच दिवसांनी जोहान्सबर्गच्या जॉन व्होर्स्टर चौक पोलीस ठाण्याच्या दहाव्या मजल्यावरून पडून तो मेला. १९७२ च्या चौकशीत दंडाधिकाऱ्यांनी आत्महत्या असा निष्कर्ष काढला. १९९६ साली त्याची आई आयोगापुढे येऊन बोलली. तिच्या मुलाच्या मृत्यूबद्दल माफी मागायला एकही पोलीस पुढे आला नाही. पुढच्याच वर्षी ती गेली. चौकशी पुन्हा उघडली २०१७ साली, तीही भाच्याने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला म्हणून. न्यायमूर्ती मोथले यांनी हा खून होता असे ठरवले. २०१८ मध्ये जुआंव रॉड्रिग्ज या माजी पोलिसावर आरोप ठेवण्यात आला. २०२१ मध्ये, खटला उभा राहण्याआधीच, तो म्हातारपणी मरण पावला. याच प्रकरणात २०१९ साली उच्च न्यायालयाने अशा खटल्यांमध्ये झालेल्या राजकीय हस्तक्षेपाची गंभीर दखल घेतली. २०२५ साली राष्ट्राध्यक्ष रामफोसा यांना याच विलंबाबद्दल नवा चौकशी आयोग नेमावा लागला. म्हणजे पहिल्या आयोगाचे काम का अडले, हे शोधायला दुसरा आयोग!

आयोगाच्या बाजूचा युक्तिवाद आम्ही टाळणार नाही. माफी नसती तर सुरक्षा दलांनी सत्तांतर होऊ दिले नसते, असे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबासह काही जणांनी माफीच्या कायद्याला आव्हान दिले, तेव्हा १९९६ मध्ये घटना न्यायालयाने तो वैध ठरवला. निकाल लिहिला न्यायमूर्ती इस्माइल महोमेद यांनी. पीडितांवर काय ओझे पडते आहे, याची जाणीव त्या निकालात जागोजागी दिसते. निकाल आम्हाला पटतो. पण तो ज्या सौद्याला वैध ठरवतो, त्यात अटी आहेत. अटी गळून पडल्या की उरते ती सरसकट माफी, आणि तशी माफी त्या न्यायालयापुढे नव्हतीच.

दुसरी टीका महमूद ममदानी यांची. आयोगाने 'पीडित' कोण, हे खून, अपहरण, छळ आणि गंभीर गैरवागणूक यांपुरते ठरवले. मग पास कायद्यांखाली पकडले गेलेले लाखो लोक, घरांतून उठवून उजाड 'बंटुस्थानां'त नेऊन टाकलेली कुटुंबे, ती कुठे गेली? हे अत्याचार बेकायदा नव्हते, ते कायद्यानेच चालत होते. वर्णभेद म्हणजे कायद्याचा अभाव नव्हता, शिक्क्यांचा आणि कलमांचा सुकाळ होता. 'कायद्याने चालवलेले राज्य' आणि 'कायद्याचे राज्य' यांतला फरक शिकवायला याहून कडक उदाहरण आम्हाला सापडलेले नाही. ज्यांची नावे आयोगाच्या यादीत आली, त्यांना तरी काय मिळाले? आयोगाने सहा वर्षे वार्षिक मदत द्यावी असे सुचवले होते. २००३ साली सरकारने एकदाच ३०,००० रँड देऊन विषय मिटवला.

मग कोणते निम्मे शिल्लक ठेवायचे? जोहान्सबर्गला घटना न्यायालय उभे आहे ते जुन्या किल्ल्याच्या तुरुंगाच्या आवारात. त्या तुरुंगात गांधीजीही होते, मंडेलाही होते. कच्च्या कैद्यांची इमारत पाडून तिच्या विटा न्यायालयाच्या बांधकामात वापरल्या. याच न्यायालयाने १९९५ मध्ये, जनमत फाशीच्या बाजूचे आहे हे गृहीत धरूनही, फाशीची शिक्षा रद्द केली. ते सारे खरे आहे आणि मोठे आहे. लोकांनी भर सभागृहात बोलून जुन्या राजवटीचे खोटे उघडे पाडले, तेही खरे. एवढे आम्ही शिकवत राहू.

मागे घेतो ते हे : क्षमा झाली, असे म्हणणे. क्षमा करणारी होती तिमोलची आई, आणि तिच्याकडे क्षमा मागायला कुणी आलेच नाही. राज्याला खटला सोडून देता येतो, पण तिच्या वतीने क्षमा करता येत नाही. आम्ही वर्गात या दोन गोष्टी एकच समजून बोललो. आमचे जे विद्यार्थी आज स्वतः शिकवत आहेत, त्यांनी ही दुरुस्ती करून घ्यावी, अशी विनंती आहे. आता प्रश्न विचारा, आम्ही बसतो.