अग्रक्रमाचा वारसा की उसनवारी?

तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिरातील एका पुजारीवर्गास ‘पाळीकर’ म्हणतात. पूजेची पाळी घराण्यात वंशपरंपरेने चालत येते. म्हणून धाराशिव जिल्ह्यातील भाषकास पाळी आणि वारसा यांचे नाते निराळे समजावून द्यावे लागत नाही. संगणकशास्त्रातील ‘अग्रक्रम-वारसा’ ही संज्ञा मात्र त्याची दिशाभूल करील. कारण तीत ज्यास वारसा म्हटले आहे, तो वस्तुतः वारसा नव्हे.

मूळ अडचण अशी आहे. ठरलेल्या मुदतीत उत्तर देणे ज्यांना भाग असते, अशा रिअल-टाइम यंत्रणांत प्रत्येक कार्यास अग्रक्रम दिलेला असतो. सामाईक साधन वापरताना कार्य त्यास कुलूप लावते. कनिष्ठ कार्याने लावलेल्या कुलपासाठी वरिष्ठ कार्य थांबले असता, त्या कुलपाशी संबंध नसलेल्या मध्यम कार्याने प्रोसेसर अडविला, तर कनिष्ठास कुलूप सोडण्यास सवड मिळत नाही आणि वरिष्ठ तिष्ठत राहते. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने पुनःपुन्हा नव्याने सुरू होत असे. शा, राजकुमार व लेहॉत्स्की यांनी १९९० मध्ये विवेचिलेला उपाय असा, की कुलूप सुटेपर्यंत कनिष्ठाने वरिष्ठाच्या अग्रक्रमाने चालावे. ही सोय पृथ्वीवरून चालू केल्यावर यानातील दोष दूर झाला.

आता संज्ञेचा विचार करू. वारसा मागल्या पिढीकडून येतो आणि तो परत करावयाचा नसतो. येथे देणारा समोर वाट पाहत उभा असतो आणि घेणाऱ्यास काम संपताच घेतलेले परत करावे लागते. मराठीत यास ‘उसने’ म्हणतात. हा भेद केवळ शब्दच्छल नव्हे. वारसा म्हटले की हक्क सूचित होतो; उसने म्हटले की मुदत आणि हिशेब ओघानेच येतात. शिवाय या व्यवहाराची झळ तिसऱ्याला, म्हणजे मागे सारल्या गेलेल्या मध्यम कार्याला लागते.

व्हिक्टर योडायकेन यांनी २००२ मध्ये या पद्धतीस स्पष्ट विरोध केला. ती अपुरी तरी राहते किंवा अतिशय गुंतागुंतीची तरी होते, असा त्यांचा आक्षेप होता. त्यात तथ्य आहे. साध्या वारसापद्धतीने कार्ये परस्परांत अडकून पडण्याचा संभव टळत नाही. म्हणूनच १९९० च्या त्या लेखात अग्रक्रमाची कमाल मर्यादा आधीच ठरविणारी दुसरी पद्धतही मांडलेली आहे. तथापि सामाईक साधन सर्वत्र टाळता येत नाही, हेही खरे.

सारांश, या उपायास रचनेत स्थान आहे, पण ते उसनवारीचे. कनिष्ठ कार्य कुलूप जास्तीत जास्त किती काळ धरून ठेवील, हे ज्या रचनाकारास सांगता येते, त्याने तो खुशाल योजावा. ज्यास ते सांगता येत नाही, त्याच्या रचनेतील दोष या उपायाने दूर होत नाही. तो केवळ झाकला जातो.