वार्तेची भाषा आणि वार्ताहराचा आवाज

वृत्तव्यवसायावर नव्या यंत्रांचा काय परिणाम झाला, याचा विचार आपल्याकडे बहुधा वेगाच्या दृष्टीने केला जातो. तारायंत्राने बातमी लवकर आली, दूरमुद्रकाने त्याहून लवकर आली, मोबाईलने तर ती घडत असतानाच आली, एवढे सांगितले की विवेचन संपले, अशी समजूत दिसते. परंतु बातमी कोणी सांगितली व कोणत्या भाषेत सांगितली, हा प्रश्न अधिक मूलगामी होय. गोंदिया जिल्ह्यासारख्या सीमाप्रदेशात तर तो टाळताच येत नाही. येथे मराठी, हिंदी, झाडीबोली, पोवारी आणि गोंडी शेजारीशेजारी नांदतात. बातमीची भाषा म्हणून प्रतिष्ठा मात्र त्यांपैकी पहिल्या दोघींनाच लाभली आहे.

या दृष्टीने जिल्ह्याच्या पूर्वसीमेपलीकडे, छत्तीसगडात, २०१० साली सुरू झालेला ‘सीजीनेट स्वर’ हा उपक्रम अभ्यसनीय आहे. त्याचे प्रवर्तक शुभ्रांशु चौधरी हे पूर्वी बीबीसीसाठी काम करणारे पत्रकार. त्यांची योजना वरकरणी साधी होती. गावकऱ्याने ठराविक क्रमांकावर मिस्ड कॉल द्यावयाचा. यंत्राकडून उलट फोन आला की एक आकडा दाबून आपली वार्ता मुद्रित करावयाची, दुसरा दाबून इतरांच्या वार्ता ऐकावयाच्या. संपादकांच्या तपासणीनंतर वार्ता प्रसृत होई. मजुरी थकली, रेशन मिळाले नाही, हातपंप बिघडला, अशा तक्रारींच्या शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा फोन क्रमांक सांगण्याचा प्रघात पडला, आणि श्रोतेच त्या अधिकाऱ्यास विचारणा करू लागले. त्या वेळी खाजगी व सामुदायिक नभोवाणीस स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नव्हती, हे ध्यानी घेतले म्हणजे या युक्तीचे मोल कळते.

या उपक्रमाचे खरे नावीन्य यंत्रापेक्षा भूमिकांच्या फेरमांडणीत आहे. मुद्रणसंस्कृतीत अक्षरज्ञान ही वार्ताहर होण्याची पहिली अट होती. ती येथे गळून पडली. जो आजवर बातमीचे कर्म होता, तो तिचा कर्ता झाला.

तथापि स्तुती करून थांबणे योग्य होणार नाही. वार्ता गोंडीत सांगितली जाते. पण ती तपासणारा, तिचा सारांश लिहिणारा आणि तिच्यावर कार्यवाही करणारा अधिकारी बहुधा हिंदी वा मराठी जाणणारा असतो. मग आवाज मूळचा राहिला तरी दप्तरी उरतो तो अनुवाद. हा केवळ वेषपालट नव्हे. गोंडीत नामांचे पुरुषवाचक व इतर असे दोनच वर्ग आहेत. स्त्री, पशू आणि वस्तू दुसऱ्या वर्गात येतात. त्यामुळे ‘ती’ व ‘ते’ हा मराठीतील भेद तेथील सर्वनामात नाही. मराठी अनुवादकास मात्र निवड करावीच लागते. म्हणजे वक्त्याने जे उच्चारलेच नाही ते अनुवाद उच्चारतो. उलट, मराठीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद हिंदीच्या ‘हम’मध्ये लोपतो. सालेकसा तालुक्यातील एखादी बाई ‘आम्हांला पाणी नाही’ असे म्हणाली, तर ऐकणारा त्या ‘आम्हां’च्या बाहेर उभा असतो, ‘आपल्याला पाणी नाही’ म्हणाली, तर तोही तहानलेल्यांत मोडतो. तक्रार आहे की आवाहन, हे त्या एका सर्वनामावरून ठरते. ‘हमें पानी नहीं मिलता’ या वाक्यात तो निर्णय हरवतो.

पुढची पायरी यांत्रिक अनुवादाची. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती. तरीही ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. ती अनेक राज्यांत विखुरलेली असून प्रदेशपरत्वे तिची रूपे बरीच बदलतात. या अडचणीवर उपाय म्हणून सीजीनेटच्या पुढाकाराने निरनिराळ्या राज्यांतील गोंडी भाषकांनी एकत्र येऊन प्रमाण शब्दकोश सिद्ध केला. हिंदी-गोंडी यंत्रानुवादाचे प्रयोग झाले. आणि २०२५ साली केंद्रीय जनजातीय कार्य मंत्रालयाच्या ‘आदि वाणी’तही गोंडीचा समावेश झाला. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. परंतु यंत्र शिकते ते त्याला पुरविलेल्या वाक्यांवरून. ज्या बोलीची वाक्ये थोडी, ती त्याच्या लेखी अशुद्ध ठरण्याचा धोका असतो. देवरीकडील गोंडी उद्या यंत्राला ‘चूक’ वाटली, तर जी अट अक्षरज्ञानाच्या रूपाने गेली तीच प्रमाणभाषेच्या रूपाने परत येईल.

यावर मार्ग आपल्याच वृत्तपत्रपरंपरेत सापडतो. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्यात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारच्या स्तंभांत छापला जाई. दोन्ही भाषा जाणणाऱ्यास मूळ व अनुवाद ताडून पाहता येत. आजच्या ध्वनिवार्तेलाही हीच कसोटी लावावी: मूळ ध्वनी, त्याचे गोंडी लिप्यंतर आणि अनुवाद, ही तिन्ही एकत्र जतन व्हावीत, आणि लिप्यंतराचे काम त्याच बोलीच्या भाषकाकडे असावे. हे काम अभियंत्यांवर सोपवून भाषाविभागांना मोकळे होता येणार नाही. सांगणाऱ्याला स्वतःचेच शब्द कागदावर ओळखता आले, तरच तो वार्ताहर झाला असे म्हणावयाचे. एरवी तो दुसऱ्याच्या बातमीचा साक्षीदारच राहील.