नारायण सुर्वे यांच्या कवितेतील श्रम : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात एक पुनर्विचार

नारायण सुर्वे यांची कविता ‘कामगार कविता’ म्हणून आणि शेतीविषयक कविता ‘ग्रामीण’ म्हणून वाचण्याची प्रथा मराठी समीक्षेत रूढ आहे. ही वर्गवारी रायगड किनाऱ्याच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, सामाजिक वास्तवाशी कितपत जुळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने संरक्षण दिले ते केवळ बालकामगारांना. गिरणीतील प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर १९११ पर्यंत कायद्याची मर्यादा नव्हती. साप्ताहिक सुट्टीदेखील नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये मिळाली. सूत तुटू नये म्हणून खात्यातील हवा दमट ठेवली जाई आणि कापसाचे तंतू कामगाराच्या छातीत जात. बदली कामगाराला तर रोज सकाळी दरवाजाशी उभे राहून कामाची वाट पाहावी लागे. अशा वेतनात शहरात कुटुंब पोसणे कठीण होते. म्हणून पुरुष गिरणगावातील खानावळीत जेवे आणि बायकामुले गावी खारजमिनीत, वरकस उतारावर राबत. वेतनातील तूट शेत भरून काढी.

या दृष्टीने सुर्वे यांच्या दोन रचना एकत्र वाचणे अगत्याचे ठरते. ‘मुंबई’ या कवितेत सह्याद्री उतरून आलेला बाप श्रम घेऊन शहराच्या दारी उभा राहतो. ‘डोंगरी शेत’ या गीतात स्त्री उताराचे शेत बेणते आणि तिचा जीव घरातील तान्ह्यात अडकलेला असतो. पहिली रचना कामगाराची व दुसरी शेतकरणीची मानली गेली. वस्तुतः ती एकाच संसाराची दोन टोके आहेत.

मात्र ही टोके कवी स्वतः जोडत नाही, ही मर्यादाही नोंदवावी लागेल. ‘मुंबई’तील बाप घाटवाटेने येतो, रेवस-धरमतरच्या बोटीने ये-जा करणारा चाकरमानी तेथे नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसनजीक ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, तो याच वाटेवर.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक कामगार गावी परतले. संपाचा भारही अखेर त्याच शेताने आणि त्याच स्त्रीने उचलला. तिचे श्रम वगळून केलेली कामगार साहित्याची समीक्षा म्हणूनच अपुरी ठरते.